पुंगळी कुठून फाटली

रायफल बाकावर आडवी ठेवली, पण तिच्याजवळ कुणी कुणाला एकटं सोडायला तयार नव्हतं.

ही अट वहिनीची, थोरल्याच्या बायकोची. "जे काय उघडायचं, तपासायचं, ते माझ्या डोळ्यांदेखत," तिनं सकाळी दवाखान्यातूनच फोनवर बजावलं होतं. "आणि आज संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. नाहीतर मी सरळ पोलिसांत जाऊन भावजींचं नाव देणार आहे." बोलल्याप्रमाणे ती दुपारी दुकानात आली, कुणी बस म्हणायच्या आत स्टूल ओढून बाकाच्या डोक्याशी बसली. भावजी म्हणजे धाकटा, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आत यायचं की नाही याचा त्याचा निर्णय होत नव्हता. खिडकीखालच्या खुर्चीत आत्या बसली होती, बाबांची थोरली बहीण. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण या घरातल्या भांडणांना तिला कधी बोलावणं लागलंच नव्हतं.

आणि मधली बाबांच्या जागेवर उभी होती. बाबा गेल्यापासून बंदुका दुरुस्तीचं काम तीच बघत होती. दुकानाचा परवाना थोरल्याच्या नावावर, हात मात्र तिचे आणि धाकट्याचे. थोरल्यानं हे दुकान वर्षअखेरीस बंद करायचं जाहीर केलं, त्या दिवसापासून तिघा भावंडांत सरळ वाक्य असं उरलंच नव्हतं. प्रत्येक बोलण्याच्या पोटात दुसरं काहीतरी असायचं.

त्यात रविवार उजाडला. नेमबाजी क्लबात जुन्या हत्यारांची स्पर्धा होती आणि थोरला क्लबाचा चिटणीस. स्पर्धेसाठी भिंतीवरून उतरवलेली आजोबांची लष्करातली रायफल त्यानं मैदानावर नेली, खांद्याला लावली आणि चाप ओढला. गोळी पुढे गेली आणि आग मागे आली. उजवा डोळा, गाल, कपाळ सगळं भाजलं. डोळा राहील की नाही, डॉक्टर अजून नक्की सांगत नव्हते.

"सुरू कर," वहिनी म्हणाली. "वाट कुणाची बघतेस?"

मधलीनं दिवा जवळ ओढला. आधी तिनं रायफलीला हात लावलाच नाही. क्लबाच्या माणसानं कापडात बांधून दिलेली ती फुटकी पुंगळी उचलली, काडतुसाचं रिकामं पितळी कवच. ते दोन तुकडे झाले होते. बुडाचा तुकडा चकतीसारखा वेगळा पडला होता, वरची नळकांडी वेगळी.

"फुटली म्हणजे फुटली. त्यात एवढं काय बघायचंय?"

"कुठून फुटली ते बघायचंय, वहिनी. उभी चिरली असती तर एक अर्थ. ही आडवी तुटलीय, बुडाच्या जरा वर, गोल फिरून. म्हणजे पितळ ताणलं गेलं. मागं जागा मोकळी होती, काडतूस मागं सरकायला बघत होतं आणि मध्येच तुटलं."

"जागा मोकळी कशी झाली?"

मधली रायफलीकडे वळली. तिनं बोल्ट बाहेर काढला. काडतूस आत ढकलून मागून कडी लावावी तसं तोंड बंद करणारा पोलादी दांडा तो. तो बाजूला ठेवून ती नळीच्या मागच्या तोंडातून आत बघू लागली. तिथंच काडतूस बसतं, त्या जागेला चेंबर म्हणतात. जुन्या लष्करी रायफलींचं सगळं दुखणं बहुधा तिथं असतं. वर्षानुवर्षं लावून ठेवलेलं ग्रीस सुकून लाखेसारखं होतं, खाली गंज खड्डे पाडतो, आणि मग पुंगळी आत चिकटून बसते, हातोडी मारल्याशिवाय निघत नाही.

इथं ग्रीस नव्हतं. गंजाचे खड्डे होते, जुने, काळे. आणि त्यांच्यावरून गोल गोल फिरलेले ओरखडे, नव्या भांड्यासारखे लखलखीत.

मधली मान वर न करता म्हणाली, "चेंबरला पॉलिश पेपर कुणी मारला?"

दाराशी चौकट करकरली.

"मी," धाकटा म्हणाला.

"ऐकलंत, आत्याबाई?" वहिनी स्टुलावरून उठलीच. "मी म्हणत नव्हते?"

"दादानंच सांगितलं होतं!" धाकटा आता आत आला. "काडतूस आत जातंय पण निघत नाही, साफ करून दे म्हणाला. ड्रिलला काठी लावून, तिला कागद गुंडाळून जरासं फिरवलं. जरासंच!"

"जरासं? त्या जराशापायी माझा नवरा डोळा झाकून पडलाय!"

"मला विचारायचं होतंस," मधली म्हणाली.

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, दादाला म्हणावं स्वतः येऊन सांग. तुमच्या दोघांचं बोलणं बंद, आणि निरोप्या मी."

ते खरं होतं. आत्यानं काठी जमिनीवर आपटली. "आरडाओरडा पुरे. पोरी, तू तुझं काम कर."

कागदानं चेंबर किती खाल्लं गेलंय, आतली जागा किती वाढलीय, हे डोळ्यानं कळण्यासारखं नव्हतं. मधलीनं स्टोव्ह पेटवला, पळीत गंधक वितळवलं. नळीत जरा पुढं चिंधीचं बूच बसवून तिनं ते पिवळं पाणी चेंबरमध्ये सावकाश ओतलं. दुकानभर उग्र वास पसरला. वहिनीनं नाकाला पदर लावला, पण जागची हलली नाही. गंधक थिजल्यावर मधलीनं पुढून काठीनं हळूच टोचलं, तसा चेंबरचा हुबेहूब साचा बाहेर आला, बोटाएवढा, फिकट, एकेका खड्ड्याची पुळी अंगावर घेऊन.

तिनं तो व्हर्नियर मोजपट्टीच्या जबड्यात धरला. बुडाशी मोजला, मध्ये मोजला, पुढं निमुळत्या होणाऱ्या खांद्याशी मोजला. मग परत एकदा, कारण पहिल्यांदा निघालेलं उत्तर आपल्याला हवं होतं म्हणून तर तसं दिसलं नाही ना, अशी तिला स्वतःचीच शंका आली.

"चेंबर बरोबर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे यानं नुसती वरची काजळी काढली. अक्कल वापरली नाही हे खरं, पण पुंगळी यामुळे फाटली नाही."

"भावाला वाचवतेस?"

"साचा तुझ्यासमोर निघालाय, वहिनी. मोजपट्टी घे, तूच मोज."

वहिनीनं खरंच मोजपट्टी घेतली. तिला ती वाचता येत नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तिनं साचा धरला, आकड्यांकडे बराच वेळ बघितलं आणि खाली ठेवला.

"मग राहिला बोल्ट," मधली म्हणाली.

खणातून तिनं पोलादी गेज काढलं. काडतुसाच्या आकाराचा ठोकळा, पण केसभर लांब, मुद्दाम. "हे आत घालून बोल्ट बंद व्हायला नको. अडला पाहिजे. झाला बंद, तर मागं फट आहे." तिनं गेज आत सरकवलं, बोल्ट पुढं नेला आणि दोन बोटांनी मूठ खाली दाबली. मूठ लोण्यात सुरी जावी तशी खाली बसली.

गेज म्हणजे काय हे न कळणाऱ्यालाही तेवढं कळलं.

मधलीनं बोल्ट पुन्हा काढला आणि भिंग घेतलं. या रायफलींच्या नळीवर आणि बोल्टवर एकच नंबर असतो. कारखान्यात दोघांची जोडी जुळवून बसवतात, मग ती जन्माची. नंबर जुळत होता. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत होता. तिनं सुटकेचा नि:श्वास टाकायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. नंबरातल्या चारचा पाय तुटका होता.

तो चार तिच्या रोजच्या ओळखीचा होता. बाबांच्या आकडे ठोकायच्या ठशांतला. लहानपणी तिच्याच हातून फरशीवर पडला होता तो, टवका उडाला होता, आणि बाबा म्हणाले होते, बरं झालं, आता आपलं काम कुठंही ओळखू येईल.

"काय दिसलं?" वहिनीची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "काहीतरी दिसलं तुला."

लपवावं असं एकदा मनात येऊन गेलं. पण ज्या खोलीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातांकडे बघत बसलाय तिथं काय लपणार? "हा बोल्ट या रायफलीचा नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्यातरी रायफलीचा आणून त्यावर आपला नंबर ठोकलाय. आपल्याच दुकानातल्या ठशांनी."

"ते ठसे कुठं असतात?"

"या खणात."

"आणि खणाची किल्ली?"

मधलीनं गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला.

"वा, वन्सं!" वहिनी म्हणाली. एरवी ती मधलीला नावानं हाक मारायची, वन्सं फक्त रागावल्यावर. "मी बिचाऱ्या भावजींच्या मागं लागले होते. दुकान बंद होणार म्हणून खरा जीव कुणाचा जळत होता, ते आता कळलं."

मधलीनं धाकट्याकडे बघितलं. आता तरी तो काही बोलेल असं तिला वाटलं. तो तिच्या गळ्यातल्या किल्लीकडे बघत होता.

"तू पण?" ती म्हणाली.

"मी काय म्हणालो? मी काहीच म्हणालो नाही." त्यानं मान खाली घातली. "पण ताई, मला कळेना झालंय. मघाशी मीच होतो गुन्हेगार, तेव्हा तूही लगेच विचारलंस ना, पॉलिश कुणी मारलं म्हणून. माझ्याकडे न बघता."

हे तिला लागलं. रडू येईल असं वाटलं म्हणून तिनं बोल्टच खोलायला घेतला. हातांना काम असलं की डोळे आवरतात. मागची टोपी फिरवली, स्प्रिंग काढली, आणि काडतुसावर टोचा मारणारी फायरिंग पिन तळहातावर घेतली. बोल्ट जुना, घासलेला, आतून काळवंडलेला. पिन मात्र कोरी करकरीत, अजून मशीनचं तेल पुसलं नव्हतं.

"ही पिन आमच्याकडची नाही," ती सावकाश म्हणाली. "ही हल्लीच बसवलीय. कुणी?"

धाकट्यानं मान हलवली. आत्या एकदम ताठ बसली. आणि वहिनी, जी इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे रोखून बघत होती, ती पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघू लागली.

"वहिनी?"

"मला काय विचारतेस?"

"तू बाहेर काय बघतेस म्हणून विचारते."

वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "यांनी बदलून आणली," ती शेवटी म्हणाली. "घरी बिनगोळीचं काडतूस घालून चाप ओढून बघितला, तर ते उडेना. पिन आखूड निघाली, कानशीनं घासलेली. यांना वाटलं, भावजींनीच घासली. स्पर्धेत चार लोकांत हसं व्हावं म्हणून. मग बोल्ट टॉवेलात गुंडाळून दुसऱ्या गावच्या कारागिराकडे घेऊन गेले. मला म्हणाले, दुकानात कळू द्यायचं नाही. त्या दोघांवर माझा भरवसा नाही."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" धाकट्याचा आवाज चिरकला. "माझं नाव पोलिसांत द्यायला निघाला होतात!"

"मला वाटलं होतं पिनचा काही संबंध नाही! पिन तर नवी होती, चांगली होती!"

"पिन चांगलीच आहे," मधली म्हणाली. "तिच्यामुळेच तर गोळी उडाली. आखूड असती तर हा बोल्ट शंभर वर्षं कुणाला काही करू शकला नसता." आणि बोलता बोलताच तिला दिसलं की हे वाक्य उलटं धरलं तर त्याचा अर्थ काय होतो. कुणीतरी ही रायफल मुद्दाम मुकी करून ठेवली होती.

"बाबांनी," ती म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "त्यानंच."

तिघांनी एकदम वळून तिच्याकडे बघितलं.

"खरा बोल्ट माझ्याकडे आहे," आत्या म्हणाली. "शिवणयंत्राच्या खालच्या खणात, तेलकट फडक्यात. जा कुणीतरी, घेऊन या. बाकीचं मग सांगते."

धाकटा निघाला तशी वहिनीही उठली. "मी बरोबर येते. रस्त्यात काही बदलाबदली व्हायला नको." धाकटा संतापानं काहीतरी बोलणार होता, पण त्यानं स्कूटरची किल्ली उचलली आणि म्हणाला, "बसा मागं. घट्ट धरा. पडलात तर तेही माझ्याच नावावर."

दोघं गेल्यावर दुकानात गंधकाचा वास आणि आत्याचा श्वास एवढंच राहिलं. मधलीनं तिच्या पायाशी लाकडी खोकं ओढलं आणि त्यावर बसली.

"आजोबांसाठी ना?" तिनं विचारलं.

आत्या थोडा वेळ काठीची मूठ चोळत राहिली. "शेवटी शेवटी त्यांचा कुणावर विश्वास राहिला नव्हता. जेवणात काही घातलंय, दाराबाहेर कुणी उभं आहे, पोरं आपल्या मरणावर टपलीत. रायफल उशाशी घेऊन झोपायचे. रोज सकाळी उजेडात भिंगानं बोल्टवरचा नंबर वाचायचे, बदलली तर नाही ना बघायला. एकदा मी चहा घेऊन गेले तर नळीचं तोंड हनुवटीखाली धरून बसले होते. मला बघून म्हणाले, अंतर मोजतोय."

मधलीनं बाकावरच्या रायफलीकडे बघितलं.

"मी तुझ्या बापाला सांगितलं, काढून घे ती. तो म्हणाला, काढून घेतली तर त्यांची खात्रीच पटेल की आपण वैरी आहोत. मग त्यानं हे केलं. भंगारातला बोल्ट घेतला, नंबर ठोकला, पिन घासली. मी म्हटलं, आहे त्याचीच पिन घास ना. तर म्हणाला, वडिलांनी ती रायफल लढाईतून अंगावर वागवत आणली, तिच्या अंगाला कानस लावायला माझा हात धजत नाही." आत्या खिन्न हसली. "खऱ्या बोल्टचं काय करायचं? घरात ठेवला तर ते शोधून काढणार. म्हणून माझ्याकडे. ते गेले तेव्हा मी परत न्यायला सांगितलं, तर म्हणाला, राहू दे, आता ती कुणाला उडवायचीय."

"पण आत्या, रविवारी स्पर्धा आहे हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं. आणि ती उडत नाही हेही माहीत होतं. म्हटलं, नाही उडाली तर हसतील लोक, घटकाभर. त्यापायी आपला बाप मरायला निघाला होता हे सगळ्यांना कशाला सांगू? मला काय ठाऊक, तुझा भाऊ चोरून पिन बसवून आणेल म्हणून. या घराला शंकेची खोडच आहे. त्यांच्यापासून आलीय."

मधलीनं तिचा हात हातात घेतला. तो थंड होता. बाबा वर्षानुवर्षं 'ती म्हातारी झाली, तिला आराम द्या' म्हणत ती रायफल कुणाला उतरवू देत नसत, ते तिला आठवलं. भिंतीकडे बघताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा तेही आठवलं. हे ओझं त्यांनी एकट्यानं वाहिलं याचा तिला राग आला, आणि मग रागाच्या मागोमाग माया.

स्कूटर परत आली तेव्हा फडकं वहिनीच्या हातात होतं आणि धाकट्याच्या हातात तिची पिशवी. वाटेत काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही. वहिनीचे डोळे लाल होते. आत्यानं त्या दोघांना परत पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि या वेळी कुणी मध्ये बोललं नाही.

खऱ्या बोल्टवरचा नंबर बारीक, सरळ, कारखान्यातला होता. मधलीनं तो पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि नळीत सरकवला. मग गेज आत घालून मूठ दाबली. मूठ अर्ध्यात अडली. पुन्हा दाबली, अडली. "बघ," ती वहिनीला म्हणाली, आणि वहिनीनं स्वतःच्या बोटानं दाबून बघितलं.

तरीही नुसत्या गेजवर मधलीचं समाधान नव्हतं. चेंबर स्वच्छ पुसून, पार कोरडं करून त्यांनी रायफल मागच्या चौकात नेली. तिथं वाळूनं भरलेली चाचणीची खोली होती, जाड भिंतींची. रायफल लोखंडी घोडीवर आवळून बांधली, क्लबातून उरलेल्या काडतुसांतलंच एक घातलं, चापाला लांब दोरी लावली आणि सगळे भिंतीआड गेले. दोरी धाकट्याच्या हातात होती. तो क्षणभर थांबला आणि ती त्यानं वहिनीपुढे धरली.

"तुम्ही ओढा."

"मी?"

"तुम्हीच. नाहीतर उद्या परत वाटेल."

वहिनीनं डोळे मिटले आणि दोरी ओढली. आवाजानं कौलावरची धूळ खाली आली. मधली पुढं गेली, बोल्ट मागं खेचला. पुंगळी खळकन बाहेर पडली, कुठं अडली नाही, चिकटली नाही. तिनं ती उजेडात धरून सगळीकडून फिरवली. अंगावर खड्ड्यांचे बारीक ठिपके उमटले होते, पण बुडापासून तोंडापर्यंत एकसंध होती.

"झालं?" वहिनीनं भिंतीआडून विचारलं.

"झालं."

वहिनी तिथंच खाली बसली आणि रविवारपासून दाबून धरलेलं रडू तिला फुटलं. आत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी दवाखान्यात भेटीच्या वेळेला ते सगळे गेले. थोरल्याचं अर्धं डोकं पट्टीत होतं. डॉक्टर दुपारी बघून गेले होते. बुबुळ वाचेल असं म्हणाले, किती दिसेल ते पट्टी सुटल्यावर. तो उशीला टेकून बसला होता, आणि वहिनीनं पाण्याचं भांडं पुढं केलं ते त्यानं बाजूला सारलं.

"काय निघालं?" त्यानं विचारलं. "धाकट्यानंच ना?"

मधली बोलणार होती, पण वहिनीनं हातानंच तिला थांबवलं. "बोल्ट दुसराच होता. बाबांनीच घातलेला, आजोबांच्या जिवाला भिऊन. पिन त्यांनीच घासली होती, रायफल उडू नये म्हणून." ती थांबली. "आणि ती तुम्ही बदलून आणलीत."

थोरल्याचा उघडा डोळा वहिनीवरून आत्याकडे गेला. आत्यानं मान हलवली. मग मधलीकडे. ती तशीच उभी राहिली, समजावायला किंवा टोमणा मारायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. आणि चादरीची दशी ओढत राहिला.

धाकटा मघापासून दाराबाहेरच होता. मधलीनं त्याला खुणेनं आत बोलावलं. तो आला, पण पलंगाला वळसा घालून पट्टीच्या बाजूला, भिंतीशी खुर्ची ओढून बसला. थोरल्यानं खुर्चीच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली, जमेल तेवढी.

"तिकडं नको बसू," तो म्हणाला. "या अंगाला ये. तिथनं तू दिसत नाहीस मला."

धाकट्यानं खुर्ची उचलली.